गाडीनं गियर सोडला

आमच्या ह्यांना ट्रकच्या अड्ड्यावर सगळे सावकाशराव म्हणतात. नाव कोणी ठेवलं देव जाणे, पण ठेवणाऱ्यानं माणूस बरोबर ओळखला. हे जेवतात सावकाश, बोलतात सावकाश, आणि गाडी तर अशी हाकतात की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमतात आणि मग आपले आपणच गप्प बसतात. मी पडले फटकळ. ह्यांनी सुरू केलेलं वाक्य बहुतेक वेळा मीच संपवते. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यामुळे ह्यांनाही त्याची सवय झालीय. अर्धं बोलून माझ्याकडे बघतात.

धंदा आमचा घरसामान हलवायचा. लोकांनी घर बदललं की आमचा ट्रक दारात. ह्यांचं कपाट बांधणं बघण्यासारखं असतं. आधी दारांना दोर, मग कोपऱ्यांना चिंध्या, मग वरून जुनी गोधडी. आरसा असला तर तो दोन गाद्यांच्या मधे उभा, आडवा कधीच नाही. आणि सगळं सामान चढलं, की हे लगेच निघत नाहीत. घरची बाई रिकाम्या खोल्यांतून एकदा फिरून येते, कोणी भिंतीला हात लावतं, कोणी उगाच नळ उघडून बंद करतं. ते सगळं होईपर्यंत हे इंजिन बंद करून खाली उभे. हमाल चुळबुळ करतात, माझा दीर घड्याळ बघतो. हे म्हणतात, "निघू दे त्यांचा पाय. मग निघू."

अशा माणसावर मी चिडचिड करते, तीही रोज. पण दुसऱ्या कोणी ह्यांना नावं ठेवली, तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ट्रक जुना. ह्यांनी तो घेतला तेव्हा आमची मुलगी शाळेत जायला लागली होती. माझ्यानंतर घरात आली म्हणून मी त्या गाडीला धाकटी म्हणते. सवतच ती. माझ्या वाट्याला आले नाहीत एवढे लाड तिचे झालेत. तिला क्लच नाही. लिव्हर पुढच्या खाचेत टाकला की कधी कोणता गियर लावायचा ते तिचं ती बघते. त्यासाठी सीटखाली कॉम्प्युटरचा एक डबा आहे, पुस्तकाएवढा. हे म्हणतात, "तिला फक्त कुठं जायचं ते सांगायचं." माझ्याबद्दल असं चांगलं कधी बोललेले नाहीत.

आणि हीच गाडी एका संध्याकाळी भर चढावर मागे आली.

टेकडीवरच्या वस्तीत सामान पोचवायचं होतं. दीर मोटरसायकलवर पुढे, दोन हमाल मागे सामानात बसलेले. वळणावर समोरून गाडी आली म्हणून हे थांबले. ती गेली, ह्यांनी ब्रेक सोडून गॅस दिला, तर इंजिन नुसतं ओरडलं आणि ट्रक उलटा घरंगळायला लागला. ह्यांनी ब्रेक दाबेपर्यंत मागचा कोपरा एका कुंपणाच्या भिंतीत घुसला होता. एका हमालानं उडी मारली म्हणून वाचला, नाहीतर भिंत आणि ट्रक यांच्यात सापडला असता. पोरगेला माणूस, नुकतं लग्न झालेलं.

दीर धावत आला आणि त्यानं केबिनमधे बघितलं, तर लिव्हर न्यूट्रलला.

हे म्हणाले, "तो मी आत्ता टाकला, गाडी थांबल्यावर. आधी गियरमधे होता. गाडीनं गियर सोडला."

"दादा, गाडी आपणहून गियर कशी सोडेल?"

"सोडला रे. मी सांगतो ना."

गाडी बंद करून परत चालू केली, तर गरीब गाईसारखी चढ चढून गेली. आता बोला.

दुसऱ्या दिवशी गाडी गिअरबॉक्सच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं तेल काढून बघितलं, लख्ख. भर दुपारी स्वतः चालवून आला, दोनदा त्याच चढावर थांबवून बघितली. काही नाही. हात पुसत म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. ड्रायव्हरला तपासून घ्या."

मला दिरानं घरी येऊन सांगितलं, आणि मी तशीच पायात चपला सरकवून त्या गॅरेजवर गेले. म्हटलं, "तुझ्या वयाएवढी वर्षं ते गाडी चालवतायत, आणि तू तपासायला सांगतोस? तुला सापडत नाही म्हणून माणसाला वेडा ठरवतोस होय रे?" चार गिऱ्हाइकं आ वासून बघत होती. तो बिचारा पाना हातात धरून उभा. मी पोटभर बोलून घरी आले.

पण ते परत झालं. पाऊस भुरभुरत होता, सिग्नलला गाडी थांबली आणि सुटताना जागच्या जागी नुसती गुरगुरली. मागे हॉर्नचा गोंधळ. मग आणखी एकदा, गोदामाच्या उतारावर. दर वेळी बंद करून चालू केली की शहाणी. दर वेळी बघायला दुसरं कोणी नाही. जे कोणी येई, ते लिव्हरकडे बघे, मग ह्यांच्याकडे बघे आणि तिसरीकडे बघत म्हणे, "होतं असं कधी कधी."

हे 'होतं असं' कशाबद्दल, ते आमच्या घरात सांगायला लागत नाही. माझे सासरे, आबा, शेवटी शेवटी सगळं विसरले होते. सासूबाई पाणी घेऊन गेल्या तर त्यांना विचारायचे, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" त्या आत येऊन पदर तोंडात कोंबून रडायच्या. दोघा भावांनी ते बघितलंय. तेव्हापासून ह्यांना एखादं नाव पटकन आठवलं नाही, तरी दिराचा चेहरा पडतो.

आता तर ह्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडायला लागला. एकदा मी भाजी आणायला त्यांच्या शेजारी बसून गेले. ह्यांनी लिव्हर टाकला, त्याकडे बघितलं, हातानं चाचपलं आणि मोठ्यानं म्हणाले, "टाकला." दहा पावलं जाऊन परत चाचपलं. "टाकलाय ना ग?" मी म्हटलं, "टाकलाय हो, किती वेळा बघाल?" घरी आल्यावर कुलूप लावलं का, नळ बंद केला का, गॅस बंद केला का. गॅस बंदच असायचा. तरी उठून बघून यायचे. सावकाश माणूस होता माझा, आता घाबरट झाला. हमाल आपापसांत कुजबुजत, आणि तो उडी मारलेला हमाल मागे बसायला तयार होईना.

शेवटी दीर माझ्याकडे आला. स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "वहिनी, दादाला आता घरी बसवू. दुसरा ड्रायव्हर बघतो मी. उद्या कोणाच्या जिवावर बेतलं तर?"

"आणि ते घरी बसून काय करतील? भिंती मोजतील?"

"वहिनी, आबांचं सुरू झालं तेव्हाही आपण असंच..."

"खबरदार!" मी एवढ्या जोरात ओरडले की तो दचकला. "माझ्या नवऱ्याला काही झालेलं नाही. गाडीनं गियर सोडला म्हणतात ना, मग सोडला. एवढं आयुष्य गेलं, कधी खोटं बोललेत?"

"खोटं बोलतात असं कोण म्हणतंय," तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. रागावायला सोपा माणूस असला म्हणजे बरं पडतं. हा तसा नव्हता.

मी गेले वायरवालीकडे. अड्ड्याच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. गाड्यांच्या विजेचं सगळं काम करते. भिंतीवर जुन्या वायरींचे भारे, गळ्यात दोरीला चष्मा आणि त्याच दोरीला लटकवलेलं मीटर. बाई माझ्याहून तिखट. कोणाला बसा म्हणत नाही, कारण बसायला जागाच नसते.

मी सगळी रडकथा सांगितली. तिनं मधेच तोडलं. "काय होतं ते कळलं. कधी होतं ते सांगा."

"सांगितलं ना, चढावर..."

"सिग्नलला चढ होता?"

"नाही."

"मग? दिवसा का अंधार पडताना?"

मी विचारात पडले. एकदा संध्याकाळ. एकदा भर दिवसा, पण पाऊस होता, आभाळ काळं झालेलं. गोदामाचं तर तिन्हीसांजेचंच.

"हेडलाइट लावलेले असणार. पावसात वायपरही," ती म्हणाली. "आणि मिस्त्रीनं बघितली भर उन्हात. त्याला काय सापडणार, कपाळ? गाडी इथं घेऊन या. आणि तुमचे ते दीर, त्यांनाही आणा. नंतर मला साक्षीपुरावे देत बसायला वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तिच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत जमलो. हे, मी, दीर आणि दोघं हमाल. तिनं आधी चारी चाकांना दगड लावले. मग सीट उचलून तो डबा उघडा केला. मीटरची एक तार डब्याच्या काळ्या वायरला आणि दुसरी लांब तार बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली. इंजिन चालू करायला सांगितलं. मीटरवर जवळजवळ काही नाही.

"ठीक," ती म्हणाली. "सावकाशराव, ब्रेक दाबून धरा. पाय उचलायचा नाही. आता गियर टाका. दिवे लावा."

मीटरवरचा आकडा हलला.

"वायपर. पंखा. इंडिकेटर. जे जे आहे ते सगळं लावा."

आकडा चढत गेला. डॅशबोर्डवरचा गियरचा दिवा एकदा मिचकला, मग पुन्हा. आणि पोटातून दणका बसावा तशी गाडी हलली, इंजिन मोकळं सुटून गुरगुरायला लागलं. लिव्हर तिथंच होता. पुढच्या खाचेत. ह्यांचा हातही त्याला लागलेला नव्हता, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"बघितलंस?" हे भावाला म्हणाले. "बघितलंस ना रे? सोडला. तिनं सोडला."

दीर खिडकीत तोंड घालून बघत होता. त्यानं लिव्हरकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं आणि सरळ ह्यांचा हात धरला. "चुकलो दादा," म्हणाला. तो उडी मारलेला हमाल लांब उभा होता, तोही जवळ आला. मला तर नाचावंसं वाटत होतं. मी दिराला म्हटलं, "काय भाऊजी, बसवताय ना घरी? धाकटीला बसवा आता!" सगळे हसले. हे सुद्धा हसले, कितीतरी दिवसांनी, आणि हसता हसता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. माझ्या जिवात जीव आला.

वायरवालीनं समजावून सांगितलं. वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि काळ्या वायरीतून, गाडीच्या लोखंडातून परत घरी येते. जायची वाट चांगली आहे, परतीची बिघडलीय. दिवसा एकटा डबा असतो, त्याचं कसंबसं भागतं. दिवे, वायपर, पंखा सगळे एकदम परतायला लागले की दारात गर्दी होते, डब्याला पुरेशी वीज मिळत नाही, तो बंद पडतो, आणि गियर सुटतो. "गिअरबॉक्सला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "कुठंतरी अर्थिंगचा बोल्ट ढिला असेल, नाहीतर गंजला असेल. बघते."

ती पोतं टाकून गाडीखाली शिरली. चासीच्या पोलादी पट्टीला जाड काळी वायर कसलेली असते, तिथं टॉर्च लावून बघत बसली. मग खालूनच म्हणाली, "गंज नाही हो. गंजाचं नावही नाही. इथं तर रंग आहे."

"कसला रंग?" ह्यांनी विचारलं.

"करडा. जाड, नवा. कोणा शहाण्यानं वायर काढली, खालचं लोखंड रंगवलं, वायर परत कसली, आणि वरून बोल्टालाही हात मारला. वायर लोखंडाला टेकतच नाही, रंगावर बसलीय. बोल्टाच्या आट्यांतून जेवढं मिळतं तेवढ्यावर चाललीय बिचारी."

माझं हसू तिथल्या तिथं थांबलं.

तो रंग मला माहीत होता. आरटीओच्या तपासणीला गाडी न्यायची होती म्हणून ह्यांनीच लावलेला, आमच्या मागच्या अंगणात. दोन दुपारी खपत होते. मी रंगाचा डबा धरून बसले होते, कारण कललेल्या जमिनीवर तो सांडत होता. खालून एक पाना मागितला, मी दिला. वायर काढून बाजूला धरत म्हणाले, "रंग आतपर्यंत गेला पाहिजे, नाहीतर गंज तिथूनच शिरतो." मी म्हटलं, "एवढं माझ्यासाठी केलं असतं तर!" तर हसले आणि ब्रशनं माझ्या पायाच्या अंगठ्यावर ठिपका काढला. त्यानंतर पुढच्याच आठवड्यात गाडी चढावरून मागे आली.

मी ह्यांच्याकडे बघत होते. आता आठवेल, आता डोक्यावर हात मारतील, म्हणतील अरेरे, मीच की. लाजतील, वायरवाली दोन शब्द सुनावेल, सगळे परत हसतील. मी वाट बघत होते.

ह्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "माझ्या गाडीला रंग कोणी लावला?"

मग स्वतःच उत्तर दिलं.

"मिस्त्रीनं. त्यानंच. मी नाही म्हणून खाली शिरला असणार." हे गाडीतून उतरले. मी ह्यांना कधी असं बघितलं नव्हतं. चेहरा लाल झालेला. "आणि वर मला तपासायला सांगतो! एक माणूस मेला असता त्याच्यापायी. चल रे, गॅरेजवर चल. आज त्याला दाखवतोच."

"दादा, गाडी त्याच्याकडे नंतर गेली," दीर म्हणाला. "आधी..."

"मग आधी कोणीतरी केलं! मी काय आंधळा आहे? मला कळणार नाही माझ्या गाडीला रंग लागलेला?"

दीर माझ्याकडे बघायला लागला. त्याला ठाऊक नव्हतं, तेव्हा तो गावाला गेला होता. ठाऊक होतं फक्त मला. तोवर वायरवालीनं कानशीनं रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, वायर कसली, वरून ग्रीस फासलं. परत सगळे दिवे लावले. आकडा हलला नाही. गियर घट्ट. "झालं," ती म्हणाली. "आता न्या कुठं न्यायची तिथं."

हमालांनी एकमेकांना टाळी दिली. दिराचा फोन वाजला. उद्याचं काम, टेकडीपलीकडचं. बाई, तान्हं मूल आणि म्हातारे वडील सामानाबरोबर केबिनमधेच बसणार होते. दिरानं ह्यांना विचारलं, "घेऊ ना दादा?" हे म्हणाले, "घे की. गाडी बरी झाली."

गाडी बरी झाली होती. मी गप्प बसले असते तर कोणालाही काही कळलं नसतं. मिस्त्रीला शिव्या बसल्या असत्या, त्या मी आधी घातल्याच होत्या. हे उद्या केबिनमधे ताठ बसले असते, आणि जगाला ओरडून सांगणारी मी, की माझ्या नवऱ्याला काही झालेलं नाही, खरी ठरले असते. एवढंच पाहिजे होतं मला. इतके दिवस त्यासाठीच तर भांडत होते. पण त्या बाईचं तान्हं मूल काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"अहो," मी म्हटलं. "मिस्त्रीनं नाही लावला. तुम्ही लावलात."

"मी?"

"मागच्या अंगणात. तपासणीच्या आधी. मी डबा धरला होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग कुठच्या कुठं गेला. कपाळ तसंच आवळलेलं, पण आता ते शोधत होते, खिसे चाचपावेत तसे. मग वाकले, गाडीखाली हात घालून तो बोल्ट चाचपला. बोटाला रंगाचा खरवडलेला चुरा लागला, तो उजेडात धरून बघितला.

"तू होतीस?"

"होते."

"मी काय म्हणत होतो?"

"रंग आतपर्यंत गेला पाहिजे म्हणत होतात."

"हो," ते म्हणाले. "असं मी म्हणेन खरा." पण ते आठवून म्हटलेलं नव्हतं. एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाले.

वायरवालीनं तोंड फिरवलं आणि मीटरची तार गुंडाळायला लागली. हमाल बाजूला झाले. दीर फोन कानाला तसाच धरून उभा होता, पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. ह्यांनी केबिनमधे हात घालून किल्ली काढली, इंजिन बंद झालं. किल्ली त्यांनी भावाकडे दिली नाही, माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ आपल्या हातानं मिटली.

मग फुटपाथच्या कडेला बसले आणि मलाही बसायची खूण केली. मी बसले.

"आणखी काय काय विसरलो?" त्यांनी विचारलं. "सगळं सांग. मधेच थांबू नकोस."

आणि मी सांगायला लागले.